उन्हाळ्याची सुट्टी आणि टिटवीची चार अंडी



मे महिन्यात दिंद्रुडला पाहुणे येतात ते आंब्यासाठी, आणि चार दिवसांत पळतात ते उन्हामुळे. ४२-४३ अंश म्हणजे आमच्याकडे नेहमीचंच. या वर्षी नणंदबाई पुण्याहून मुलाला घेऊन आल्या आणि दुसऱ्याच दिवशी महाबळेश्वरचा विषय निघाला. आता आमच्या घरचा प्रवास म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. सहा माणसं, कांदा-लसूण-बटाटा कुणी खात नाही, सूर्य मावळला की जेवण बंद, आणि सासूबाईंचं पाणी गाळूनच लागतं. हॉटेलवाल्याला फोनवर हे सगळं समजावता समजावता यांचा घसा कोरडा पडला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "मला पैठणच्या मुनिसुव्रतनाथांचं दर्शन घ्यायचंय. किती वर्षं झाली. तिकडेच चला."

पोरांची तोंडं उतरली. तेवढ्यात तेरा वर्षांचा भाचा म्हणाला, "चालेल, पण जाताना माजलगावचं धरण, पैठणला नाथसागर आणि येताना नायगावचं मोरांचं अभयारण्य दाखवायचं." का रे बाबा? तर म्हणे पक्षी बघायचेत. हे हसले, "अरे, पक्षी हिवाळ्यात येतात. मे महिन्यात उन्हात काय बघणार, कावळे?"

त्या तीन-चार दिवसांत जे बघितलं त्यावरून माझं एक मत झालंय. कदाचित काहीजणींना आवडणार नाही. पक्षी आणि आपण जैन बायका, हे नातं आपण फार लवकर मिटवून टाकलेलं आहे. सकाळी गच्चीवर मूठभर ज्वारी टाकली, हात झटकले, जीवदया झाली. मी स्वतः अठरा वर्षं हेच करते आहे. पण खाली येऊन दाणे टिपणारा कोण, न येणारा कोण, आणि न येणाऱ्याचं पोट कशावर भरतं, हे कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

आणि बघायला वेगळं काही लागत नाही, आपली दिनचर्या त्यासाठीच केल्यासारखी आहे. पहाटे उठायचं, ऊन चढायच्या आत परत फिरायचं, दुपारी सावलीत बसायचं, पुन्हा चारनंतर निघायचं आणि सूर्यास्ताच्या आत डबा उघडून जेवायचं. लहानपणी रात्रिभोजनाचा त्याग शिकवताना आम्हाला चिमणीचंच उदाहरण देत, की बघा, चिमणीसुद्धा अंधार पडल्यावर खात नाही. हे मी मोठ्या अभिमानाने भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामी, पिंगळा आणि रातवा रात्रीच खातात." मी विषय बदलला.

माजलगावच्या धरणावर पोचलो तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. सिंदफणा नदीवरचं हे धरण आपण एसटीतून शंभरदा बघितलेलं. पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणी इथे येऊन मिळतं, म्हणजे नाथसागरातलं आणि इथलं पाणी एकाच घरचं. मे महिना, पाणी खूप मागे गेलेलं, काठाला चिखलाच्या भेगा. वाटलं, इथे कोण असणार? पण पाणी आटलं की उरलेल्या पाण्याभोवतीच सगळे गोळा होतात. लाल लांब पायांचे शेकाटे चिखलात काड्या रोवल्यासारखे उभे होते. काळा-पांढरा कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबायचा आणि दगडासारखा पाण्यात पडायचा.

भाच्याने दुर्बीण सासूबाईंच्या हातात दिली आणि म्हणाला, "आजी, ते बघा हळदीकुंकू बदक." आम्हाला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच त्या बदकाचं नाव तेच. चोच काळी, तिच्या टोकाला हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा ठिपका, आणि चोच कपाळाला मिळते तिथे दोन बाजूंना कुंकवासारखे लाल ठिपके. ते कुठून येत-जात नाही, बारा महिने इथलंच असतं. सासूबाई खूप वेळ बघत राहिल्या. मामंजींना जाऊन आठ वर्षं झाली. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुर्बीण लवकर परत दिली नाही.

ही नावं मराठीत इतकी गोड आहेत हे मला माहीतच नव्हतं. वेडा राघू, शिंपी, तांबट, धोबी, सुगरण, खाटीक. आपल्या आळीतलीच माणसं. सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात नोकरी करता करता माळकऱ्यांकडून, फासेपारध्यांकडून, आदिवासींकडून अशी नावं गोळा केली, 'पक्षिकोश' लिहिला. २०२५च्या जूनमध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. शाळेत असणाऱ्या मुलांच्या आयांनी लक्षात ठेवा.

आता जे सांगायला बसले आहे ते सांगते.

साडेनऊ वाजले होते, ऊन चटकायला लागलं होतं. गाडीकडे परतताना मुरमाड मोकळी जागा लागली. एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. सासूबाई थबकल्या. टिटवी अशुभ, हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं. त्या म्हणाल्या, "चला इथून." मी मात्र मोबाइल काढला. इतक्या जवळून पक्षी पहिल्यांदाच दिसत होता, मला तिचा फोटो हवा होता. मी वर बघत, मोबाइल धरून, पुढे पुढे चालत गेले. मागून भाचा ओरडला, "मामी, थांबा! पाय उचलू नका!"

पायापासून वीतभर अंतरावर चार अंडी होती. घरटं म्हणावं असं काही नाही. मुरमात एक उथळ खळगा, कडेला बारीक खडे आणि शेळीच्या लेंड्या. अंडी मातीच्याच रंगाची, वर काळे ठिपके. एक पाऊल आणखी पडलं असतं तर मला कळलंही नसतं.

इथपर्यंतची चूक अजाणता झाली असं म्हणता येईल. पुढची नाही. मी खाली बसले, फोटो काढले, सगळ्यांना हाक मारली. नणंदबाई आल्या, मुलं आली. मी बहिणीला व्हिडिओ कॉल लावला, "बघ गं, टिटवीची अंडी!" टिटवी वर ओरडतेच आहे, तिचा जोडीदार लांब जमिनीवर पंख ओढत लंगडल्यासारखं करतोय, आपल्या मागे यावं म्हणून, आणि आम्ही त्याचंही कौतुक करतोय. दहा-बारा मिनिटं तरी गेली असतील. भाचा शेवटी रडवेला झाला. "मामी, ऊन लागतंय त्यांना."

मला आधी समजलंच नाही. अंड्यांना ऊब हवी असते एवढंच आपल्याला ठाऊक. पण मे महिन्यात आपल्या भागात टिटवी अंड्यांवर बसते ती सावलीसाठी. उघड्या मुरमावर उन्हात अंडं राहिलं तर आतला जीव शिजतो. म्हणून नर-मादी पाळी लावून वर उभे राहतात, आणि ऊन फार झालं की पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात, त्या ओलाव्याने अंडी गार करतात. त्या पाळीच्या मध्ये आम्ही सहाजण मोबाइल घेऊन बसलो होतो.

आम्ही गाडीत जाऊन बसलो, काचा वर केल्या. दुर्बिणीतून बघितलं. ती खाली उतरली, पण सरळ अंड्यांकडे गेली नाही. पळाली, थांबली, दुसरीकडेच बसल्याचं नाटक केलं, पुन्हा पळाली. मग आली आणि अंड्यांवर उभी राहिली. बसली नाही, नुसती पंख थोडे खाली सोडून उभी. चोच उघडी, धापा टाकत होती.

मैत्रिणींनो, दशलक्षण पर्वात दहा दिवस तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय आपण ऐकतो. मी वीस वर्षं ऐकते आहे. हिंसेची व्याख्या करताना उमास्वामी मारण्याच्या आधी प्रमाद सांगतात, बेसावधपणा सांगतात. मला तो शब्द नेहमी स्वयंपाकघरापुरता वाटायचा. धान्य निवडणं, पाणी गाळणं, गॅस पेटवण्याआधी बर्नर झटकणं, त्यात मी एकदम काटेकोर. आणि ईर्यासमिती, चार हात जमीन बघून पाऊल टाकणं, ती महाराजांची आणि माताजींची, आपली नाही. त्या दिवशी मी आकाशाकडे बघत, फोटोच्या नादात, चार अंड्यांपर्यंत चालत गेले होते. मुंगी चिरडू नये म्हणून जपणारी मी.

परतीच्या वाटेवर तोच रस्ता होता. यांनी विचारलं, "थांबायचं का? अंडी आहेत का बघू." भाचा म्हणाला, "नको." माझा जीव तुटत होता बघायला, पण बघायला जाणं म्हणजे पुन्हा तिला उठवणं. अंडी उबायला चार आठवडे लागतात. त्यातून पिल्लं निघाली की नाही, मला माहीत नाही.

पैठणला पोचलो दुपारी. मंदिर गार होतं. दर्शन शांतपणे झालं, सासूबाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं, त्याबद्दल वेगळं काय लिहू? (पैठणला जाऊन पैठणी न घेता आलेल्या बायका फक्त आपल्याच समाजात सापडतील. सासूबाईंनी रेशमाचा त्याग केला तेव्हापासून घरात रेशीम नाही. दुकानदाराला वाटलं, आम्ही भाव पाडतोय.)

मंदिरातून निघताना भाच्याने एक प्रश्न विचारला. तीर्थंकरांच्या मूर्तीखाली लांछन असतं, तर त्यांत पक्षी कोणता? मी पटकन म्हणाले, पाचवे सुमतिनाथ, चकवा. आपल्या सगळ्यांना पाठ असतं. तो म्हणाला, "चकवा म्हणजे कोणता पक्षी?" मला उत्तर देता आलं नाही. सासूबाईंना नाही, यांना नाही. लग्नाआधीपासून चोवीस लांछनं म्हणते आहे, आणि चकवा हा खराखुरा उडणारा, चोच-पंख असलेला पक्षी आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं.

चकवा म्हणजे चक्रवाक. आपल्याकडे त्याला ब्राह्मणी बदकही म्हणतात. नारिंगी-तपकिरी अंग, फिकट डोकं. उन्हाळ्यात तो लडाख-तिबेटकडे पिल्लं वाढवतो आणि थंडीत इथे, या नाथसागरावर येतो. १९८६ साली या जलाशयाला पक्षी अभयारण्य जाहीर केलं, ३४१ चौरस किलोमीटर पसरलेलं आहे. म्हणजे आपण पैठणला मूर्तीसमोर हात जोडतो आणि ज्या पक्ष्याचं चिन्ह लहानपणापासून घोकतो, तो थंडीत तिथून जवळच पाण्यावर बसलेला असतो. आमच्या शेजारच्या मारवाडी काकू श्वेतांबर, त्यांच्या परंपरेत सुमतिनाथांचं लांछन क्रौंच. क्रौंच म्हणजे करकोच्याच्या जातीतला. त्यांचं मूळ गाव राजस्थानात फलोदीकडचं. फलोदीजवळच्या खीचन गावात थंडीत हजारो कुरजां येतात, आपल्याकडे त्यांना कांड्या करकोचे म्हणतात. तिथल्या जैन घरांनी आणि गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी मोठं चुग्गाघर चालवलं आहे, रोज पोत्यांनी धान्य पडतं. २०२५च्या जूनमध्ये ती जागा जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर यादीत गेली. कुणी म्हणेल, मग दाणे टाकणं बरोबरच की! हो, पण तिथल्या बाईला विचारा, कुरजां कधी येतात, कुठल्या तळ्यावर उतरतात, कधी परततात, ती सांगेल. पाहुण्याची ओळख आहे तिला. आपण गच्चीवर ज्वारी टाकतो ती कुणासाठी?

संध्याकाळी नाथसागराच्या काठी गेलो. पाणी मागे सरकलेलं, गाळपेराची जमीन उघडी पडलेली. मध्ये मातीची छोटी बेटं वर आली होती आणि त्यांवर नदी सुरयांची ये-जा चाललेली. पिवळी चोच, काळी टोपी, करड्या पंखांचा देखणा पक्षी. तेही उन्हाळ्यातच अशा उघड्या बेटांवर अंडी घालतात. या वेळी आम्ही लांबच राहिलो. नावाडी म्हणाला, चला जवळ नेतो. नणंदबाईंनीच नको म्हटलं.

तिथेच वादही झाला. तारेवर वेडा राघू बसला होता, हिरवा, छोटा, शेपटीतून सुईसारखी दोन पिसं निघालेली. तो उडायचा, हवेतल्या हवेत माशी पकडायचा, तारेवर आपटायचा, गिळायचा. मुलं खूश. सासूबाईंनी तोंड फिरवलं. "हे काय बघायचं? जीव मारतोय तो. बघण्यात सुद्धा अनुमोदना लागते."

त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. आपल्यातल्या पुष्कळजणींना हेच वाटतं. म्हणूनच आपण कबुतर, चिमणी, मोर, पोपट यांना आपलं मानतो आणि घार, घुबड, गिधाड, खाटीक यांचं नाव काढलं की गप्प होतो. पण मला विचारायचं आहे, की तिर्यंच गतीतल्या जीवाला दुसरं काय खायला मिळणार? त्याला जे मिळालं आहे त्यातच त्याला जगायचं आहे. निवड आपल्याला आहे. आणि रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात जटायू कोण आहे? गिधाड. मुनींचा आहार होताना बघून त्याला पूर्वभव आठवला, तो त्यांच्या चरणांशी आला, त्याने व्रतं घेतली, आणि मग राम-सीतेजवळ राहिला. आचार्यांनी श्रावकाची व्रतं दिली ती मेलेलं खाणाऱ्या पक्ष्याला, आणि आपण त्याच्याकडे बघायलाही तयार नाही. श्वेतांबर परंपरेत तर चौदावे अनंतनाथ यांचं लांछनच श्येन, म्हणजे ससाणा आहे.

जटायूचं नाव निघालं तशा सासूबाई बोलायला लागल्या. ७२च्या दुष्काळात गावाबाहेर मेलेली जनावरं पडायची आणि त्यांवर गिधाडांचे थवे उतरायचे. "दोन दिवसांत नुसती हाडं राहायची. वास येत नव्हता की रोग पसरत नव्हता. आता कितीतरी वर्षं झाली, एक दिसलं नाही."

त्यांना दिसली नाहीत, कारण ती राहिली नाहीत. हा भाग जरा नीट वाचा, कारण यात आपला हात असू शकतो. १९९०च्या दशकात देशभर गिधाडं धडाधड मरायला लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली शंभरातली नव्याण्णवपेक्षा जास्त संपली. कारण कळायला २००४ साल उजाडलं. डायक्लोफेनॅक, आपण गुडघेदुखीला घेतो तेच दुखणं कमी करणारं औषध. ते गुरांना टोचायचे. औषध दिलेलं जनावर दोन-चार दिवसांत मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात आणि ते मरतं. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. पण माणसांसाठीचं दुकानात मिळतच होतं, तेही वापरलं गेलं. मग असंच नुकसान करणाऱ्या आणखी दोन औषधांवर, केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकवर, २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम नावाचं औषध गुरांचं दुखणं तेवढंच थांबवतं आणि गिधाडांना अपाय करत नाही.

आता सांगा, म्हाताऱ्या, आजारी, लंगड्या गुरांना सांभाळतं कोण? गोशाळा आणि पांजरपोळ. तिथे पैसे कुणाचे? बरेचसे आपलेच. वाढदिवसाला, पुण्यतिथीला आपण औषधासाठी पावती फाडतो. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांतलं औषधदान म्हणून. त्या पावतीतून कुठली बाटली येते, हे मी आजवर कधी विचारलं नव्हतं. परत आल्यावर आम्ही ज्या गोशाळेला दरवर्षी देतो तिथे फोन केला. उचलणाऱ्या भाऊंना प्रश्नच विचित्र वाटला. पण त्यांनी डॉक्टरांना विचारून सांगितलं, आणि मी पुढच्या पावतीवर औषधाचं नाव लिहूनच पैसे पाठवले. तुम्हीही एक फोन करा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि आपण गुराला दिलेलं औषध दुसऱ्या कुणाचा जीव घेत नाही ना, हे देणाऱ्याने विचारायला नको का?

येताना बीडजवळ दुपारच्या डब्यासाठी वडाखाली थांबलो. वडाला लाल फळं लगडलेली. वरून काहीतरी टपटप पडत होतं, भाच्याने वर बघितलं आणि उडीच मारली. हरियाल! पिवळ्या पायांचं, हिरवट-पिवळं कबुतर, महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पानांत असं मिसळून जातं की हलल्याशिवाय दिसत नाही. वीस-पंचवीस होते. ते जमिनीवर दाणे टिपायला क्वचितच येतात. वडाची, पिंपळाची, उंबराची फळं, यावरच त्यांचं चालतं.

वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठुंबर. मूलगुणांत आपण जी पाच फळं सोडतो, तीच. त्यांच्या पोटात बारीक जीव असतात म्हणून. उंबर फोडून बघितलं तर चिलटासारखे किडे दिसतातच, त्यांच्यावाचून ते फळ धरतच नाही. लहानपणी मला वाटायचं, सोडायचं म्हणजे फक्त न खाणं. वर बघताना वाटलं, आपण सोडलेलं कुणाचं तरी पूर्ण ताट आहे. कोकीळ, तांबट, धनेश, हरियाल सगळे त्याच पंगतीला. फक्त झाड उभं राहिलं पाहिजे. रस्ता रुंद करताना पहिला वड जातो, आणि तेव्हा आपल्यातलं कुणी उभं राहत नाही, कारण ते फळ आपल्या कामाचं नाही.

नायगावला फार वेळ मिळाला नाही. पाटोदा तालुक्यातलं हे अभयारण्य १९९४ पासून आहे, सुमारे ३० चौरस किलोमीटर, डोंगर-दऱ्या आणि झुडपांचं. सकाळी पाणवठ्याजवळ लांब बसून राहिलो. सहा लांडोरी आणि दोन मोर पाण्यावर आले. मोराचा पिसारा अजून पूर्ण होता. पावसाळा सरताना तो आपोआप गळतो, आणि त्याच गळलेल्या पिसांची महाराजांची पिच्छी होते. धूळ धरत नाही, घाम धरत नाही, मऊ, नाजूक आणि हलकी. चातुर्मासानंतर पिच्छी बदलण्याचा कार्यक्रम आपण किती थाटाने करतो! त्या पिसाचा मालक उन्हाळ्यात पाणी कुठे पितो, हे सासूबाईंनी पंच्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा बघितलं. कितीतरी वेळ हात जोडूनच बसल्या होत्या.

आता कबुतरांबद्दल, कारण हे वाचून कुणीतरी विचारणारच. गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, आपला समाज रस्त्यावर उतरला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. टीव्हीवर भुकेली कबुतरं बघून मलाही भरून आलं होतं. पण वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना कायमचा त्रास होतो हे डॉक्टर सांगतात, ते खोटं नाही. आणि मला जास्त लागलं ते वेगळंच. पक्ष्यांसाठी आपल्या समाजाचं नाव देशभर झालं, आणि ते एकाच पक्ष्यासाठी. आयतं मिळतं तिथे कबुतरं बेसुमार वाढतात, आणि बाकीच्यांचं काय झालं, हे विचारायला आपण कधी कुठे जमलो नाही.

घरी आल्यावर मी गच्चीवरची ज्वारी बंद केली. सासूबाईंना हे पटलेलं नाही, आणि मी त्यांना पटवायला गेलेही नाही. त्या अजून त्यांची एक मूठ टाकतात. मी मातीची दोन पसरट भांडी ठेवली आहेत, एक गच्चीवर, एक अंगणात सावलीत, खाली जमिनीजवळ. रोज सकाळी ती घासून गाळलेलं पाणी भरायचं, शिळं झाडाला ओतायचं. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात आणि मग तोही जीवघातच. पहिल्या आठवड्यात फक्त साळुंकी आली. नंतर बुलबुल, मग शिंपी. एकदा दुपारी तांबट आला, तो तर मी याआधी फक्त टुक टुक ऐकला होता. मोबाइल हातात होता. मी पडद्याआडूनच बघितलं.

परवा रात्री गावाबाहेरून टिटवीचा आवाज आला. धाकटी अंथरुणात म्हणाली, "आजी, अशुभ ना?" सासूबाई म्हणाल्या, "नाही गं. कुणीतरी तिच्या अंड्यांजवळून चाललं असेल."

चातुर्मास संपला की नोव्हेंबरात पुन्हा पैठणला जायचं ठरलंय, चकवा बघायला. भाच्याने तारीख कळवली आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. दिंद्रुड, तेलगाव, सिरसाळा इकडच्या कुणाला यायचं असेल तर सांगा. पहाटे चारला निघू, डबा आपापला, आणि पायाखाली बघून चालायची तयारी ठेवा.